नव्या वॉर्डचा नकाशा हातात दिलाय, सही करण्याआधी नर्सने काय बघावं?

रात्रपाळी

मी मेडिकल वॉर्डची इनचार्ज सिस्टर आहे. आमच्या हॉस्पिटलची नवी विंग होतेय. परवा मीटिंगला बोलावलं. टेबलभर नकाशा पसरलेला होता, आर्किटेक्टनी नीट समजावून सांगितलं आणि शेवटी एक कागद पुढे सरकवला. वर 'नर्सिंग विभागाचा अभिप्राय', खाली सहीची जागा, मध्ये दोन ओळींची रिकामी जागा. मी म्हटलं, घरी नेऊन बघते आणि मग देते. मेट्रन मॅडमनाही ते पटलं.

आता तो नकाशा दोन दिवस भिंतीला चिकटवून बघतेय. कागदावर सगळंच ऐसपैस वाटतं. पलंगांचे चौकोन ओळीत मांडलेत, पण सलाईन स्टँड नाही, ऑक्सिजन सिलिंडर नाही, नातेवाइकाची खुर्ची नाही, ड्रेसिंग ट्रॉली नाही. नकाशातल्या पेशंटला कुणी भेटायलाही येत नाही आणि त्याला उलटीही होत नाही.

एक गोष्ट मात्र लगेच खटकली. डर्टी युटिलिटी (बेडपॅन ओतायची-धुवायची खोली) कॉरिडॉरच्या पार टोकाला आहे. म्हणजे भरलेलं बेडपॅन घेऊन अख्ख्या वॉर्डासमोरून जायचं, भेटीच्या वेळेतसुद्धा.

दोन प्रश्न आहेत. एक, आणखी काय काय बघावं? दोन, या टप्प्यावर आमच्या म्हणण्याने खरंच काही बदलतं का, की नुसती सही हवी असते?

उंटावरचा_शहाणा

आधी सहीची जागा बघा. तिथे उजेड पुरेसा असेल तर बाकीचं डिझाईन उत्तम आहे असं समजा.

ब्रदर_विनू

मी आयसीयूत आहे, त्यामुळे माझी नजर आधी बेडच्या डोक्याकडे जाते. नकाशात बेडचं डोकं भिंतीला टेकवलेलं असतं. श्वासाची ट्यूब टाकायची वेळ आली की डॉक्टर उभे राहतात डोक्यामागे. म्हणजे आधी बेड पुढे ओढायचा, आणि तो ओढताना मॉनिटरच्या वायरी, सक्शनची नळी, ऑक्सिजन सगळं ताणलं जातं. तेव्हा बेड फूटभर पुढे आला तरी नळ्या पुरतील का आणि मागे माणूस मावेल का, ते विचारा.

दुसरं, प्लग पॉइंट. व्हेंटिलेटर, मॉनिटर, सिरिंज पंप, इन्फ्युजन पंप, पेशंटखालची हवेची गादी, इलेक्ट्रिक बेड स्वतः. वर नातेवाइकाचा मोबाइल चार्जर. पॉइंट मोजा, आणि त्यातले किती जनरेटर/यूपीएसवर आहेत ते वेगळं मोजा. ज्या वॉर्डात एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर लोळतोय तिथे नर्सला विचारलं नव्हतं असं खुशाल समजावं.

सक्शन आणि ऑक्सिजन बेडच्या कुठल्या बाजूला आहे तेही बघा. सगळं एकाच बाजूला असेल तर दुसऱ्या बाजूने काम करणारा पेशंटच्या अंगावरून हात घालतो.

टी_स्क्वेअर

आर्किटेक्टच्या बाजूचं कुणीतरी बोलायला हवं म्हणून लिहितोय. हॉस्पिटलं केली आहेत, आता बहुतेक तेच काम करतो.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नकाशा कुठल्या टप्प्यावरचा आहे यावर आहे. कॉलम, जिने, लिफ्ट आणि शाफ्ट (पाण्याचे, सांडपाण्याचे, एसीचे पाईप ज्यातून वर-खाली जातात त्या उभ्या पोकळ्या) एकदा ठरले की त्यांना हात लावणं म्हणजे सगळे मजले पुन्हा काढणं. तिथे कुणी ऐकणार नाही, आणि ते फक्त हट्टापोटी असतं असं नाही. आतल्या विटांच्या किंवा जिप्समच्या भिंती बऱ्याच हलतात. कुठली खोली कशासाठी वापरायची हे अजून सोपं. दारं कुठे उघडतात, स्विच, प्लग, बेसिन, हँडरब, कपाटांची उंची, लाइट कुणाच्या डोळ्यांवर येतो, हे बांधकाम सुरू झाल्यावरही काही काळ बदलता येतं.

म्हणून डर्टी युटिलिटी सरकवायला सांगण्याआधी शाफ्ट कुठे आहेत ते बघा. तिला सांडपाण्याची लाइन लागते. औषधांची खोली त्या मानाने कुठेही जाऊ शकते, तिथे फक्त बेसिनचा प्रश्न.

आणि थोडी आमचीही बाजू. आमच्याकडे ब्रीफ येतं मॅनेजमेंटकडून: इतके बेड बसवा. नर्सिंगचं माणूस मीटिंगमध्ये असावं हा आग्रह आम्ही धरला तरी येतं कोण? ड्युटी संपवून दमलेलं कुणीतरी, ज्याला आदल्या मीटिंगमध्ये काय झालं ते माहीत नसतं. पुढच्या वेळी तिसरंच कुणी. त्यातून उलटसुलट मागण्या येतात. मग शेवटी आम्ही ठरवतो आणि शिव्या खातो.

ब्रदर_विनू

@टी_स्क्वेअर, ड्युटी संपवून दमलेलं येतं कारण त्या मीटिंगला ड्युटी धरत नाहीत. ड्युटी धरा, बदली माणूस द्या, ताजंतवानं माणूस येईल. तेच माणूस पुन्हा पुन्हाही येईल.

टी_स्क्वेअर

मान्य. पण ते माझ्या हातात नाही.

इतिहासाचा_किडा

नर्सने नकाशात नाक खुपसणं काही नवं नाही, असं रात्रपाळी यांना ठणकावून सांगायचं असेल तर घ्या.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलचं हॉस्पिटलांच्या रचनेवरचं पुस्तक १८५९ सालचं. नर्सिंगवरचं तिचं प्रसिद्ध पुस्तकही त्याच सुमाराचं. सुरुवातीलाच ती म्हणते की हॉस्पिटलची पहिली अट म्हणजे त्याने आजाऱ्याला अपाय करू नये. मग खिडक्यांची उंची, दोन बेडमधलं अंतर, भिंतींचा गिलावा, वॉर्डाची रुंदी, सगळ्यावर आकड्यांसकट बोलते. एका मोठ्या वॉर्डात तीसेक पेशंट ठेवले तर एक हेड नर्स सगळ्यांवर नजर ठेवू शकते, तेच पेशंट चार लहान वॉर्डांत वाटले तर माणसं जास्त लागतात, हा हिशेबही तिचाच. लंडनचं सेंट थॉमस हॉस्पिटल १८७१ मध्ये नव्या जागी उघडलं ते याच पद्धतीच्या वेगवेगळ्या पॅव्हिलियनचं (सुट्या वॉर्ड-इमारतींचं) होतं.

गंमत म्हणजे रोग दूषित हवेतून होतात अशी तिची समजूत होती. कारण चुकलं, पण मोकळी हवा, उजेड आणि अंतर हे उपाय टिकले.

नंतरचंही आहे. ब्रिटनमध्ये नफील्ड ट्रस्टच्या लोकांनी वॉर्डात उभं राहून नर्सेसचं काम तपासलं, त्यावरून बेलफास्ट आणि ग्रीनॉकला प्रायोगिक वॉर्ड बांधले आणि १९५५ मध्ये अहवाल काढला. अमेरिकेत येल विद्यापीठातले जॉन थॉम्प्सन, हे स्वतः मूळचे नर्स, त्यांनी १९५०च्या दशकाअखेरीस नर्स कुठून कुठे जाते याचा मोजमाप निर्देशांक केला. वॉर्डातल्या शेकडो शक्य जोड्यांपैकी थोड्याच जोड्यांमध्ये बहुतेक सगळी ये-जा होते असं निघालं. पेशंट ते नर्सिंग स्टेशन, पेशंट ते युटिलिटी, पेशंट ते पेशंट वगैरे. तेवढी अंतरं कमी करा, बाकीची लांब राहिली तरी चालतं.

रात्रपाळी, हे तुम्ही घरबसल्या करू शकता. एका शिफ्टला दोघींनी कागदावर रेघा मारायच्या, कुठून कुठे गेलो. तो कागद घेऊन मीटिंगला गेलात तर 'मला वाटतं' म्हणावं लागणार नाही.

उंटावरचा_शहाणा

दीडशे वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय आणि अजून दोन ओळींची रिकामी जागाच मिळतेय. प्रगती आहे, पूर्वी ओळी नव्हत्या.

निरागस_खवचट

जरा उलट बोलतो, रागावू नका.

'नर्सला विचारा' हे ऐकायला छान आहे. पण ज्याला आहे त्यातच काम करायची सवय झालीय तो 'आहे तेच, थोडं मोठं' असं मागतो. कुठल्याही वॉर्डात विचारा, पहिली मागणी स्टोअर रूमची. द्या स्टोअर रूम, वर्षभरात मोडक्या व्हीलचेअर आणि जुन्या गाद्यांनी भरते आणि नवं सामान परत कॉरिडॉरमध्ये. दुसरं, हॉस्पिटल पेशंटसाठी असतं की स्टाफसाठी? रॉजर उलरिखचा १९८४ चा अभ्यास प्रसिद्ध आहे. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले ४६ पेशंट, निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले लवकर घरी गेले आणि त्यांना जोरकस वेदनाशामकं कमी लागली. इथे नर्सला विचारून काय होणार होतं? बहुतेक नर्सिंग स्टेशनलाच ती खिडकी मागितली असती.

जुनी_मेट्रन

@निरागस_खवचट, त्याच अभ्यासात पेशंट कसा होता हे कुणाच्या नोंदींवरून ठरवलं ते बघा. 'चिडचिड करतो', 'रडत होता', 'धीर द्यावा लागला' हे सगळं फाईलमधल्या नर्सच्या शेऱ्यांवरून मोजलं आहे. झाड दिसल्याने फरक पडतो हे संशोधकाच्या आधी कुणीतरी रोज लिहून ठेवत होतं.

स्टोअर रूमचं म्हणणं मात्र खरं आहे. निवृत्त होईपर्यंत मी तेच पाहिलं. पण ती भरते का? मोडकी वस्तू निर्लेखित करायला चार सह्या लागतात म्हणून. तो दोष भिंतीचा नाही.

रात्रपाळी, तुला एकच सांगते बाई, बाथरूमचं दार बघ. आत उघडतं की बाहेर? म्हातारा पेशंट आत चक्कर येऊन पडला की तो बहुतेक दाराला अडकूनच पडतो. दार आत उघडणारं असेल तर आपण बाहेरून ढकलतोय आणि ते त्याच्याच अंगावर जातंय. मी दार बिजागऱ्यांतून काढायला लावलेलं आहे. बाहेर उघडणारं किंवा सरकतं दार, आणि कडी अशी की बाहेरून नाण्यानेही उघडता यावी. कॉल बेलची दोरी जमिनीपर्यंत लोंबती हवी. पडलेल्या माणसाचा हात कमरेच्या उंचीवर पोहोचत नाही.

रात्रपाळी

मेट्रन मॅडम, आत्ता उठून नकाशा पाहिला. सगळी बाथरूमची दारं आत उघडतात. 😐

टी_स्क्वेअर

बाहेर उघडणारं दार कॉरिडॉरमध्ये आलं तर अग्निशमनवाले हरकत घेतात, म्हणून सवयीने आत दाखवतात. खोलीच्या आत बाहेर उघडायला काहीच अडचण नसते. आजच लिहून कळवा, हा फुकटचा बदल आहे.

चालता_बोलता

अंतराबद्दल. २००८ साली अमेरिकेतल्या ३६ हॉस्पिटलांमध्ये ७६७ नर्सेसचा अभ्यास झाला होता, अॅन हेंड्रिच यांचा. त्याही नर्सच. दहा तासांच्या दिवसपाळीत १ ते ५ मैल चालणं. नर्सिंगच्या कामाला गेलेल्या वेळेपैकी प्रत्यक्ष पेशंटच्या सेवेत १९.३ टक्के आणि नोंदी लिहिण्यात ३५.३ टक्के.

त्यानंतर सगळीकडे टूम निघाली की मोठं नर्सिंग स्टेशन मोडा आणि दर दोन-चार खोल्यांबाहेर छोटं टेबल द्या. मी अशा वॉर्डात काम केलंय. चालणं कमी होतं, पेशंटवर नजर राहते, हे खरं. पण कुणी कुणाला दिसत नाही. दोघींनी मिळून कूस बदलायचा पेशंट असेल तर दुसरी शोधायला जावं लागतं, म्हणजे वाचवलेलं चालणं परत आलंच. नवी आलेली मुलगी तर बिचारी एकटीच बसते. पूर्वी स्टेशनवर बसून आम्ही जुन्या सिस्टर फोनवर डॉक्टरांशी कशा बोलतात ते ऐकत शिकलो. 'सर, पेशंट नुसता अस्वस्थ नाहीये, मला तो बरोबर वाटत नाहीये, तुम्ही येऊन बघा' हे वाक्य पुस्तकात नसतं.

आमच्याकडे शेवटी सगळ्या जणी एकाच टेबलाभोवती गोळा व्हायला लागल्या आणि बाकीच्या टेबलांवर हातमोज्यांची खोकी.

ब्रदर_विनू

+१. दोन्ही हवं. खोलीजवळ लिहायला फळी, आणि मध्ये एक जागा जिथे ओव्हर (पाळी बदलताना पेशंटची माहिती) देता-घेता येईल. ओव्हर कुठे देणार हा प्रश्न कुठल्याच नकाशात नसतो. बेडजवळ दिली तर शेजारचा पेशंट सगळं ऐकतो, कॉरिडॉरमध्ये दिली तर नातेवाईक.

खिडकीपाशी

मी नर्स नाही. वडिलांजवळ बऱ्याच रात्री काढल्या आहेत, त्यामुळे बोलायचा थोडा हक्क घेते.

रात्री दोन वाजता सिस्टर बीपी बघायला यायच्या. खोलीत एकच दिवा, ट्यूबलाइट, स्विच दाराशी. लावला की चौघेही पेशंट जागे. एक सिस्टर मोबाइलचा टॉर्च दातांत धरून सुई शोधायच्या. मला आधी वाटलं, घाईत आहेत म्हणून. मग लक्षात आलं, इतरांची झोप मोडू नये म्हणून ही कसरत. प्रत्येक बेडला स्वतंत्र मंद दिवा असता तर? आणि औषधं ठेवायला जागा नव्हती म्हणून ट्रे पेशंटच्या पायाशी गादीवर ठेवला जायचा.

आवाजाबद्दल पण बोला. ट्रॉलीच्या चाकांचा खडखडाट मला अजून ऐकू येतो.

चालता_बोलता

@खिडकीपाशी, आवाजाचं मोजमाप झालेलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेची १९९९ ची शिफारस आहे की वॉर्डात रात्री सरासरी ३० डेसिबलच्या आत हवं. आणि २००५ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी आधीची मोजमापं एकत्र करून दाखवलं की हॉस्पिटलांतला दिवसाचा आवाज १९६० मधल्या ५७ डेसिबलवरून ७२ पर्यंत चढलाय. आपण सगळे ओरडून बोलतो कारण सगळं ओरडतंय. छताला आवाज शोषणाऱ्या टाइल्स असतील तर फरक पडतो, पण त्या धुता येणाऱ्या हव्यात, नाहीतर इन्फेक्शन कंट्रोलवाले उडवून लावतील.

निरागस_खवचट

मग सिंगल रूमच द्या ना सगळ्यांना. आवाज नाही, इन्फेक्शन कमी, खाजगीपणा. अमेरिकेच्या मार्गदर्शक नियमांत २००६ पासून नव्या बांधकामात मेडिकल-सर्जिकल वॉर्डांसाठी सिंगल रूम हाच पाया धरलाय.

ब्रदर_विनू

आणि नर्स तेवढ्याच ठेवायच्या? चार जणांच्या खोलीत एक जण पडायला लागला तर बाकीचे तिघे बोंब मारतात. सिंगल रूममध्ये बंद दाराआड कोण बघणार? खोल्या वाढवल्या की माणसं वाढवावी लागतात, हे नाइटिंगेलबाईंनी वर सांगितलंच आहे. मी सिंगल रूमच्या विरोधात नाही. दाराला काच हवी, काच अशी की कॉरिडॉरमधून चालताना पेशंटचा चेहरा दिसावा, पाय नव्हे. आणि बाथरूम कॉरिडॉरच्या भिंतीला असेल तर तीच दृष्टी अडवते.

अळीमिळी

दृष्टीवरून आठवलं. कोविडच्या पहिल्या लाटेत कितीतरी ठिकाणी इन्फ्युजन पंप खोलीबाहेर कॉरिडॉरमध्ये आणले होते, लांब नळ्या जोडून. दर वेळी औषधाचा वेग बदलायला पीपीई चढवून आत जावं लागू नये म्हणून. काचेच्या दारावर मार्करने नोंदी लिहायचे, आतली सिस्टर काचेवर बोटाने आकडा दाखवायची. हे कुठल्याही सल्लागाराने सुचवलं नव्हतं. मला वाटतं निरागस_खवचट यांच्या 'आहे तेच, थोडं मोठं' या मुद्द्याला हे उत्तर आहे.

निरागस_खवचट

मान्य, अर्धं. अडचणीत जुगाड सुचणं आणि पाच वर्षांनंतरच्या वॉर्डाची कल्पना करणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पण उदाहरण चांगलं दिलंत.

सुमनची_लेक

माझी आई हॉस्पिटलात मावशी होती. आयुष्यभर. एवढा वेळ वाचतेय, कुणीच त्यांच्याबद्दल बोललं नाही म्हणून लिहितेय.

बेडपॅन सिस्टर कमी आणि मावशी जास्त नेतात. आईच्या वॉर्डात डर्टी युटिलिटीचा सिंक एवढा उंच होता की तिला भरलेलं बेडपॅन छातीपर्यंत उचलून ओतावं लागायचं. अंगावर उडायचं. तिने स्वतःच एक लाकडी पाट आणून त्यावर उभं राहायला सुरुवात केली, तर एका राऊंडला साहेबांनी 'हे इथे काय' म्हणून बाहेर फेकायला लावला. पोछा धुवायला वेगळी जागा नव्हती, तोच सिंक. बादली भरायला नळाखाली बसत नव्हती, म्हणून मगाने भरायची.

सिस्टरांना कुणी विचारत नाही म्हणून तुम्ही सगळे बोलताय, बरोबर आहे. पण मावशी-मामांना सिस्टर तरी विचारतात का?

जुनी_मेट्रन

नाही विचारत. तुझा मुद्दा सगळ्यात खरा आहे.

टी_स्क्वेअर

@सुमनची_लेक, सिंकची उंची, बादलीसाठी जमिनीलगतचा वेगळा सिंक, हे नोंदवून ठेवलं आहे. माझ्या पुढच्या कामात.

रात्रपाळी, आता एक उपयोगाचं सांगतो. कागदावर वाद घालू नका, खोली जमिनीवर उतरवा. पार्किंगमध्ये किंवा रिकाम्या हॉलमध्ये खऱ्या मापाची एक खोली चिकटपट्टीने आखायची, भिंतींच्या जागी पुठ्ठे उभे करायचे. खरा बेड आणायचा, खरी क्रॅश कार्ट (आणीबाणीच्या सामानाची ट्रॉली), खरी माणसं. ब्रिटिश मार्गदर्शिकेत एका बेडच्या जागेला ३.६ मीटर रुंदी आणि ३.७ मीटर खोली धरली आहे, कारण बेडभोवतीची बहुतेक कामं तेवढ्यात होतात असं प्रत्यक्ष करून पाहिलेलं आहे. तुमच्या नकाशात किती आहे ते मोजा आणि आखून बघा.

रात्रपाळी

मोजलं. रुंदी २.४ मीटर. बेड वाढवायचे होते म्हणे.

ब्रदर_विनू

मग आखाच. आणि नुसते उभे राहून 'बरं वाटतंय' म्हणू नका, प्रसंग करून बघा. कोड ब्लू (पेशंटचं हृदय बंद पडलंय): दोन डॉक्टर, तीन नर्स, कार्ट, आणि छाती दाबणाऱ्याला उभं राहायला स्टूल. शेजारच्या पेशंटला त्याच वेळी उलटी. जाड पेशंट बेडवरून स्ट्रेचरवर. बेड दारातून बाहेर काढून लिफ्टकडे वळवणं, सलाईन स्टँड आणि सिलिंडरसकट. आणि एक प्रसंग कुणी करत नाही तो: पेशंट गेला आहे, त्याला इतरांसमोरून न नेता बाहेर कसं न्यायचं?

अळीमिळी

इंजेक्शन भरायची जागा पण करून बघा. बेसिनला लागून ओटा दिला असेल तर पाणी उडून निर्जंतुक सामानावर येतं. ड्रेनमधले जंतू शिंतोड्यांबरोबर येतात हे इन्फेक्शन कंट्रोलवाले कानीकपाळी ओरडतात. मध्ये आडोसा तरी हवा. सुयांचा डबा हात पोहोचेल तिथे, पेशंटच्या लहान मुलांचा हात पोहोचेल तिथे नव्हे.

उंटावरचा_शहाणा

चिकटपट्टीच्या खोलीत मेट्रन मॅडमना बाथरूममध्ये पडायला लावा. दार पुठ्ठ्याचं असल्याने जीवितहानी नाही.

जुनी_मेट्रन

तूच पड. तुझ्या वजनाचा पेशंट कुणी पुरवणार नाही.

रात्रपाळी

अपडेट देते, उशीर झाला.

मॅनेजमेंटने आधी टाळाटाळ केली. मग आम्ही रेघांचा कागद नेला (इतिहासाचा_किडा, धन्यवाद). एका बेडपासून डर्टी युटिलिटीपर्यंतच्या रेघा एवढ्या झाल्या होत्या की कागद काळा झाला होता. मेडिकल सुपरिंटेंडेंट बराच वेळ तो कागद बघत होते. बेसमेंटमध्ये खोली आखायला परवानगी मिळाली, आणि आलेल्या सगळ्यांची ड्युटी धरली.

दोन मावशी, एक मामा, फिजिओथेरपिस्ट, बायोमेडिकलचा मुलगा, तिन्ही शिफ्टच्या नर्सेस. २.४ मीटरमध्ये कोड ब्लू केला. कार्ट आत आली, पण तिचे खण उघडेनात, कारण शेजारचा बेड. हे आर्किटेक्टनी स्वतः कार्ट ढकलून पाहिलं. त्यांनी काही बोलायच्या आधी अॅडमिनवाल्या सरांनीच विचारलं, खण दुसऱ्या बाजूने नाही का उघडत? नाही उघडत.

हाती काय लागलं: प्रत्येक खोलीतला एक बेड कमी झाला नाही, पण चारपैकी दोन खोल्यांत झाला. त्या नर्सिंग स्टेशनसमोरच्या, तिथे गंभीर पेशंट ठेवू. बाथरूमची दारं बाहेर उघडणारी. प्रत्येक बेडला मंद दिवा आणि ट्रे ठेवायला भिंतीला घडीची फळी. डर्टी युटिलिटी शाफ्टमुळे हलली नाही, पण मधल्या टॉयलेटच्या लाइनवर एक छोटी दुसरी मिळाली. सिंकची उंची मावशींनी उभं राहून खुणेने ठरवली, भिंतीवर पेन्सिलने रेघ मारून.

नाही मिळालं ते: ओव्हरची खोली नाही, स्टोअर वाढलं नाही, छताच्या टाइल्स 'बजेट बघू'. स्टाफचं टॉयलेट अजूनही खालच्या मजल्यावर आहे. रात्री दोघीच असतो, एकीने खाली जायचं म्हणजे वॉर्ड एकीवर. यावर अजून भांडतेय. सही केलेली नाही, जोडपत्र लावून पाठवलंय.

टी_स्क्वेअर

टॉयलेट सोडू नका. मधल्या त्याच सांडपाण्याच्या लाइनवर बसेल, स्टोअरच्या कोपऱ्यातून जागा काढा. आणि जोडपत्राची पोच घ्या, तारखेसह. नंतर 'नर्सिंगने मान्यता दिली होती' असं मिनिट्समध्ये येतं.

चालता_बोलता

आणखी एक मागा: वॉर्ड सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी परत तीच माणसं बसून काय जमलं, काय फसलं ते बघायचं. आत्ताच लेखी घ्या, नंतर कुणी बोलावत नाही.

नवीन_आयडी

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय. आमच्याकडे लेबर रूमचं नूतनीकरण आहे आणि मला बोलावलंय. त्यासाठीही हेच बघायचं का?

जुनी_मेट्रन

वेगळा धागा काढ ग, इथे हरवून जाईल. तोवर एक बघून ठेव. बाळाचा वॉर्मर (बाळाला ऊब देणारा पाळणा) आईच्या बेडपासून किती पावलांवर आहे, आणि तिथून आईला बाळ दिसतं का.